तिकीट कोणाला? ब्रेबॉर्न, वानखेडे आणि निष्ठेचा हिशेब



आमच्या द्रोणागिरीत कोणी "लागलं का?" असं विचारलं की पुढे काही सांगावं लागत नाही. घर लागलं का, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ साली सिडकोनं १४,८३८ घरांची सोडत काढली. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि आमचं द्रोणागिरी अशा पाच ठिकाणची ती घरं होती. ज्यांना लागलं ते पेढे घेऊन आले, ज्यांना नाही लागलं त्यांनी "नशीब" म्हटलं आणि पुढच्या सोडतीची वाट बघायला लागले. भांडण कोणाशी करणार? यंत्रानं नाव काढलं नाही, एवढंच.

याच घरांची वाटणी दुसऱ्या एखाद्या पद्धतीनं झाली असती तर? समजा, "जो पहिला रांगेत उभा राहील त्याला" असं ठरलं असतं. किंवा "अमुक संस्थेच्या सभासदांना आधी" असं. घरं तेवढीच, माणसंही तेवढीच, पण राग वेगळा असता आणि उपकाराची भावनाही वेगळी असती. वस्तू कमी असते तेव्हा ती कोणाला मिळाली हा अर्धाच प्रश्न असतो. ती कोणत्या नियमानं मिळाली, हा उरलेला अर्धा.

आज मला या उरलेल्या अर्ध्याविषयी बोलायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहे क्रिकेटच्या तिकिटांचं. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, संशोधन आराखडा लिहिताय, आणि मला हमखास विचारता की "विषय कसा शोधायचा?" माझं उत्तर असं की घरात ज्या तक्रारी रोज ऐकू येतात त्यांच्यापासून सुरुवात करा. माझा मामा एकदा एका सामन्यासाठी रात्रभर रांगेत उभा राहिला आणि सकाळी खिडकी उघडून तासाभरात बंद झाली. तो अजूनही म्हणतो, "तिकिटं गेली कुठे?" घरातली कुरकुर म्हणून आम्ही ती सोडून दिली होती. पण हाच प्रश्न १९७३ साली मुंबईत इतका पेटला की त्यातून एक अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

आधी थोडी तयारी: वाटपाच्या चार वाटा

मागणी जास्त आणि माल कमी असेल तर वाटपाच्या ढोबळमानानं चार वाटा असतात. पैसा: भाव वाढवा, ज्याला परवडेल तो घेईल. रांग: जो वेळ आणि झोप खर्च करेल त्याला. सोडत: चिठ्ठी काढा. आणि चौथी वाट नात्याची: सभासद, देणगीदार, संलग्न क्लब, पाहुणे, यांचा कोटा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारेल, भावच का वाढवत नाहीत? चांगला प्रश्न आहे. तिकीट बाजारभावापेक्षा स्वस्त ठेवलं की विकणाऱ्याचे पैसे बुडतात, हे खरं. पण त्याच्या हातात दुसरं काहीतरी येतं. कोणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार येतो. पूर्ण भाव मोजून घेतलेल्या तिकिटासाठी कोणी कोणाचे आभार मानत नाही. स्वस्तात आणि मोजक्यांनाच मिळालेल्या तिकिटासाठी मात्र मानतात. हा जो फरक आहे, त्यातून संस्था निष्ठा विकत घेतात.

हे सगळ्यात उघडपणे दिसतं ते अमेरिकेतल्या विद्यापीठांत. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचं बास्केटबॉलचं मैदान, कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम, १९४० सालचं आहे आणि त्यात जेमतेम ९,३१४ माणसं मावतात. विद्यापीठाचा संघ देशातल्या नामांकित संघांपैकी एक. म्हणजे या जागा कितीही चढ्या भावानं विकता आल्या असत्या. तरीही पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश फुकट असतो. अट एकच, रांग लावा. १९८६ पासून मोठ्या सामन्यांआधी विद्यार्थी तंबू ठोकून मैदानाबाहेर राहतात. प्रशिक्षक शशेफ्स्की यांच्या नावावरून त्या तंबूंच्या वस्तीला नाव पडलं आहे. तंबूत माणूस हजर आहे का, हे तपासायला विद्यार्थ्यांमधलेच निरीक्षक असतात. दुसऱ्या बाजूला देणगीदारांसाठी वेगळी व्यवस्था आहे. देणगी जितकी मोठी आणि जितकी जुनी, तितकी जागा चांगली. अशा जागांच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर अमेरिकेत करसवलतही मिळायची. २०१७ च्या करकायद्यानं ती बंद केली.

आज तंबूत कुडकुडणारा विद्यार्थी वीस वर्षांनी देणगीदार होईल, असा हा हिशेब. फुकट तिकीट म्हणजे विद्यापीठानं जमिनीत टाकलेलं बी.

एक प्रयोग, आणि तो कसा वाचावा

ड्यूकमध्येच झिव्ह कार्मन आणि डॅन अरिएली यांनी एक अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. तिथे महत्त्वाच्या सामन्यांसाठी रांग लावूनही सगळ्यांना तिकीट मिळत नसे. शेवटी सोडत निघायची. दोघांनी सोडतीनंतर विद्यार्थ्यांना फोन केले. ज्यांना तिकीट लागलं त्यांना विचारलं, "किती पैसे मिळाले तर विकाल?" उत्तरांची सरासरी साधारण २,४०० डॉलर. ज्यांना लागलं नाही त्यांना विचारलं, "किती देऊन विकत घ्याल?" सरासरी साधारण १७० डॉलर.

इथे जरा थांबा. वर्गात हे उदाहरण सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, "बघा, रांगेत कष्ट केले म्हणून तिकिटाची किंमत वाढली." चूक. रांग दोन्ही गटांनी लावली होती, थंडी दोघांनीही सोसली होती. फरक फक्त चिठ्ठीचा. म्हणजे चौदा पट तफावत कष्टामुळे नाही, तिकीट हातात *असण्यामुळे* आली. एकदा मिळालेली गोष्ट हक्काची वाटायला लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मुंबईत ते कामाला येणार आहे.

आणि एक सावधगिरी. याच अरिएलींचा सहलेखनातला २०१२ चा प्रामाणिकपणावरचा एक वेगळा निबंध आकडेवारी खोटी निघाल्यामुळे २०२१ साली मागे घेतला गेला. त्यामुळे तिकिटांचा अभ्यास आपोआप बाद होत नाही, पण एका प्रयोगावर अख्खा आराखडा टांगून ठेवू नका. माणसांचं वागणं इतिहासातही तसंच दिसतं का, ते तपासा. चला तर मग चर्चगेटला.

१९३७: मैदान नवं, भांडण जुनं

भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. तो जिमखाना युरोपियनांचा होता, भारतीयांना सभासदत्व नव्हतं. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, स्थापन झाला. अँथनी डिमेलो हे त्यामागचं मुख्य डोकं. बॅकबेला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर क्लबला जागा मिळाली. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचं नाव स्टेडियमला दिलं गेलं आणि डिसेंबर १९३७ मध्ये ते उघडलं.

त्या काळी मुंबईत सगळ्यात मोठी गर्दी खेचायची ती धर्म आणि जातसमूहांच्या नावानं खेळली जाणारी स्पर्धा. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम असे चार संघ असायचे. १९३७ साली 'इतर' हा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. ती नव्या कोऱ्या ब्रेबॉर्नवर होणार होती. आणि नेमक्या त्याच वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. कारण काय, तर स्टेडियममधल्या जागांचं वाटप. आपल्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत म्हणून त्यांनी माघार घेतली. विजेतेपद मुस्लिम संघानं मिळवलं.

पुढच्या वर्षी हिंदू संघ परत आला आणि अंतिम सामन्यापर्यंत गेला. का आला? मला यात दिसतं ते असं. रुसून बाहेर पडणं सोपं असतं, पण जायला दुसरी जागा असावी लागते. १९३८ साली मुंबईत तेवढी माणसं बसवणारं दुसरं मैदान नव्हतं. स्पर्धेची गर्दी, कीर्ती, पैसा, सगळं ब्रेबॉर्नवर. बहिष्कारानं आवाज ऐकू गेला, पण घर बदललं नाही.

दोन संस्था, एक मैदान

आता दुसरी संस्था ओळखीची करून घेऊ. बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, बीसीए, आजची मुंबई क्रिकेट असोसिएशन. स्थापना १९३०. शहरातलं क्रिकेट चालवायचं काम हिचं. कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाते. क्लबांच्या स्पर्धा, पंच, गुणलेखक, निवड समित्या, रणजी संघ, सगळं असोसिएशनकडे. फक्त मोठं मैदान तेवढं तिच्याकडे नव्हतं. मैदान सीसीआयचं. आणि सीसीआय हा सभासदांचा क्लब होता.

आता दोन्हींची बाजू ऐका, दोघांनाही समान न्याय देऊन. (संशोधनात हे सगळ्यात अवघड असतं. आपण विषय निवडतो तेव्हाच मनात कोणीतरी एक जण आवडायला लागलेला असतो.)

सीसीआयचं म्हणणं: स्टेडियम आम्ही बांधलं. सभासदांनी पैसे भरले, त्या बदल्यात त्यांना सामना बघायची जागा मिळते. हे आमचं त्यांना दिलेलं वचन आहे. त्यांच्या जागा कापून दुसऱ्याला दिल्या तर सभासदत्वाला अर्थ काय राहिला?

बीसीएचं म्हणणं: सामना होतो तो आमच्यामुळे. मैदानावरचे खेळाडू आमच्या क्लबांनी घडवले. आझाद मैदानावर, शिवाजी पार्कात, रविवारची सुट्टी सोडून जे सचिव, पंच, गुणलेखक राबतात त्यांना आम्ही पगार देत नाही, देऊ शकत नाही. वर्षातून एकदा कसोटीचं तिकीट, हाच त्यांचा मान. तेही आम्ही दुसऱ्याकडे मागून आणायचं?

दोन्ही बाजू तिकिटाकडे एकाच नजरेनं बघत होत्या, हे लक्षात आलं का? दोघांच्याही लेखी तिकीट हे बक्षीस होतं, निष्ठेची परतफेड होती. सीसीआयला सभासदांची निष्ठा टिकवायची होती, बीसीएला क्लबांची. जागा मात्र तेवढ्याच. त्यात ड्यूकचं ते वाक्य आठवा: वर्षानुवर्षं मिळालेली जागा हक्काची वाटायला लागते. १९३७ पासून पॅव्हेलियनमध्ये बसणाऱ्या सभासदाला त्यातली एक रांग सोडणं म्हणजे नुकसानच वाटणार.

१९७३: भांड्याला भांडं

मग भांडण १९७३ मध्येच का फुटलं? इतिहासाच्या आराखड्यात "काय झालं" इतकंच "तेव्हाच का झालं" महत्त्वाचं असतं. तीन गोष्टी एकत्र आल्या.

एक, क्रिकेटची लाट. १९७१ साली अजित वाडेकरच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली होती. कर्णधार मुंबईचा, गावसकर मुंबईचा, सरदेसाई मुंबईचे. १९७२-७३ मध्ये इंग्लंड इथे आलं आणि ती मालिकाही भारतानं २-१ अशी जिंकली. फेब्रुवारी १९७३ मधली त्यातली शेवटची कसोटी ब्रेबॉर्नवर होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं, पण घराघरांत संच अजून यायचे होते. सामना बघायचा तर मैदानात जाणं आलं.

दोन, असोसिएशनचा वाढलेला आत्मविश्वास. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. पंधरा वर्षं देशात पहिला येणारा संघ चालवायचा आणि आपल्याच शहरातल्या कसोटीची तिकिटं दुसऱ्याच्या दारात मागायची, ही बोच कळण्यासारखी आहे.

तीन, माणूस. बीसीएचे अध्यक्ष होते शेषराव कृष्णराव वानखेडे. मूळ नागपूरकडचे राजकारणी आणि १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, तेही विदर्भातलेच. म्हणजे १९३८ साली हिंदू संघाकडे जे नव्हतं ते वानखेड्यांच्या आवाक्यात होतं: शहराच्या मध्यात, स्टेशनजवळ, सरकारकडून जमीन.

इथे एक किस्सा हमखास सांगितला जातो. सीसीआयच्या बाजूनं विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला वानखेडे. शब्दाला शब्द लागला आणि वानखेडे म्हणाले, तर मग आमचं आम्ही बांधू. किस्सा रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतील, नेमके शब्द प्रत्येकाचे वेगळे. अशा किश्श्याचं संशोधकानं काय करायचं? फेकायचा नाही आणि गिळायचाही नाही. तो कोण सांगतं आणि का सांगतं ते बघायचं. हा किस्सा जिंकलेल्या बाजूचा आहे. त्यात अनेक वर्षांची वाटाघाट एका संध्याकाळच्या अपमानात आटवलेली आहे. पण अपमान झाला असं लोकांना *वाटलं*, हाही पुरावाच आहे. तिकिटाच्या भांडणात आकड्यांपेक्षा मान मोठा होता, हे तो किस्सा सांगून जातो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्टेशनांच्या मधे, ब्रेबॉर्नपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, नवं स्टेडियम उभं राहिलं. आराखडा शशी प्रभू यांचा, आणि बांधकाम साधारण १३ महिन्यांत. २३ जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी तिथे सुरू झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या, एकनाथ सोलकरनं शतक काढलं, वेस्ट इंडिजनं सामना २०१ धावांनी जिंकला आणि पतौडींची ती शेवटची कसोटी ठरली. लॉइडचं अभिनंदन करायला धावत गेलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं म्हणून त्याच सामन्यात प्रेक्षक खवळले होते, हेही नोंदवून ठेवा. नव्या घरात पहिल्याच पाहुणचाराला साध्या प्रेक्षकाच्या पाठीत काठी.

ब्रेबॉर्नचं काय झालं? फेब्रुवारी १९७३ नंतर तिथे पुढची कसोटी झाली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. छत्तीस वर्षांचं अंतर. सीसीआयनं सभासदांच्या जागा राखल्या. राखलेल्या जागांवर बसून बघायला कसोटी मात्र उरली नाही.

हर्शमनची तीन खाती

या घटनेला चौकट कोणती लावायची? मी आल्बर्ट हर्शमन वापरते. या अर्थतज्ज्ञाचं १९७० चं छोटं पुस्तक आहे. त्यात तो म्हणतो की एखादी संस्था आपल्याला नीट वागवत नसेल तर आपल्यापुढे दोन रस्ते असतात: बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा ही या दोहोंमधली गोष्ट. निष्ठा असली की माणूस लगेच उठून जात नाही, आधी आत राहून भांडतो. हर्शमनला हे सुचलं नायजेरियातल्या रेल्वेकडे बघून. ज्या व्यापाऱ्यांकडे ट्रकची सोय होती ते मुकाट्यानं रेल्वे सोडून गेले. भांडणारेच निघून गेल्यामुळे रेल्वे सुधारायचा दबावच राहिला नाही.

आता ही चौकट आपल्या गोष्टीवर ठेवा. १९३७: बाहेर पडले, पण पर्याय नाही, म्हणून वर्षात परत. १९७३ पर्यंत बीसीए: आवाज, वर्षानुवर्षं. १९७५: बाहेर पडले, पर्याय स्वतःच बांधून. चौकट छान बसते. इतकी छान की मी पहिल्या आराखड्यात इथेच थांबले होते. "मूठभर सभासदांच्या क्लबाविरुद्ध सामान्य क्रिकेटचा विजय" असं काहीसं शीर्षकही दिलं होतं.

माझ्या गाइडनं तो आराखडा वाचून पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली: "मग २०११ ला काय झालं?"

२०११: घरमालक बदलला

२ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना, वानखेडे. नूतनीकरणानंतर स्टेडियमची क्षमता साधारण ३३,०००. सामन्याआधी जाहीर झालेला हिशेब साधारण असा होता: २०,००० तिकिटं असोसिएशनच्या संलग्न क्लबांना, ८,५०० आयसीसीला आणि सर्वसामान्य लोकांसाठी उरली सुमारे ४,०००. कोट्यवधींच्या देशात चार हजार. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि गर्दीनं संकेतस्थळ कोलमडलं.

माझं शीर्षक त्या एका ओळीनं पडलं. जी संस्था तिकिटांच्या वाटपावर रुसून घराबाहेर पडली होती, तिनं स्वतःच्या घरात वाटप बदललं होतं, पण वाटपाचा *नियम* तोच ठेवला होता. नात्याचा कोटा. सीसीआयमध्ये सभासद होते, इथे संलग्न क्लब आले. आणि क्लबांचा कोटा ही निव्वळ कृतज्ञता नसते. असोसिएशनच्या निवडणुकीत मत देतात ते हेच क्लब, तीनशेहून अधिक. ज्याच्याकडे मत आहे त्याच्याकडेच तिकीट जातं, तेव्हा तिकीट आणि निष्ठा यांतलं अंतर फारच कमी होतं. यात कोणा एकाचा दोष शोधायची गरज नाही. संस्थेची रचनाच तसं वागायला लावते. पदाधिकारी कोणीही असो, ज्यांच्या मतावर तो उभा आहे त्यांना विसरून रांगेतल्या अनोळखी माणसाला तिकीट देणं त्याला महागच पडणार.

क्लबांची बाजूही विसरू नका. वर्षभर फुकट राबणाऱ्या गुणलेखकाचा मान १९७३ ला खरा होता तसा २०११ लाही खरा होता. पण १९७३ च्या भांडणात दोनच पक्ष होते, क्लब आणि असोसिएशन. तिसरा, माझ्या मामासारखा, खिडकीपुढे उभा असलेला, तेव्हाही चर्चेत नव्हता. हर्शमनच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडे आवाज नाही, कारण तो सभासद नाही. आणि बाहेर पडायची सोय नाही, कारण तो आत कधी नव्हताच. तरी तो पुढच्या सामन्याला परत येतो. निष्ठा सगळ्यात जास्त त्याची, आणि त्या निष्ठेसाठी कोणी काही मोजत नाही. माझ्या संशोधनाचा प्रश्न शेवटी हा झाला: *निष्ठा विकत घ्यायला तिकीट लागतं, मग ज्याची निष्ठा फुकट मिळते त्याला तिकीट कोण देणार?*

पुढे याचं थोडं उत्तर बाहेरून आलं. लोढा समितीच्या सुधारणांनंतर बीसीसीआयच्या नव्या घटनेत ९० टक्के जागा लोकांसाठी खुल्या ठेवायच्या आणि मानाचे पास १० टक्क्यांत बसवायचे, असा नियम आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना पासांच्या वादामुळे इंदूरहून विशाखापट्टणमला हलला. आणि त्याच मालिकेतला मुंबईचा सामना, असोसिएशनच्या प्रशासकीय पेचामुळे, वानखेडेवरून हलवावा लागला. कुठे हलवला? ब्रेबॉर्नवर. २९ ऑक्टोबर २०१८ ला रोहित शर्मानं तिथे १६२ केल्या. पंचेचाळीस वर्षांनी पाहुणी मंडळी जुन्या घरमालकाच्या दारात.

आणि ज्या विजय मर्चंटांचं नाव त्या किश्श्यात येतं, त्यांच्या नावाचा स्टँड आज कुठे आहे माहितीये? वानखेडेवर.

तुमच्या आराखड्यासाठी

या सगळ्यातून तीन गोष्टी उचला.

पहिली: तक्रारीचं रूपांतर प्रश्नात करताना "कोणाला मिळालं नाही?" पाशी थांबू नका. "कोणत्या नियमानं वाटलं, आणि तो नियम कोणाच्या सोयीचा?" असं विचारा. त्याचे पुरावे शोधायच्या जागाही मग कळतात: संस्थेची घटना, वार्षिक अहवाल, निवडणुकीतल्या मतदारांची यादी, त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं. मतदारांची यादी आणि कोट्याची यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. बरंच काही आपोआप बोलायला लागतं.

दुसरी: गोष्ट फार छान बसली की तारीख पुढे सरकवा. १९७५ ला संपणारी माझी गोष्ट वीरकथा होती. २०११ पर्यंत नेल्यावर तिचा इतिहास झाला.

तिसरी: तुलना करा, पण फरक धुऊन टाकू नका. ड्यूकमधला विद्यार्थी उद्याचा देणगीदार असतो म्हणून आज त्याला फुकट जागा मिळते. मुंबईच्या रांगेतल्या माणसाकडून उद्या कसलीच वसुली नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही. दोन्हीकडे तिकीट कमीच आहे, पण भविष्यकाळ कोणाच्या नावावर लिहिलाय, तो वेगळा आहे.

आता घरचा अभ्यास. तुमच्या आसपासची एक दुर्मिळ गोष्ट निवडा. विद्यापीठाच्या वसतिगृहाची खोली चालेल, जत्रेतली मानाची जागा चालेल, नाट्यगृहाच्या पहिल्या तीन रांगा चालतील. पैसा, रांग, सोडत, नातं, यांपैकी कोणत्या वाटेनं ती दिली जाते? नियम शेवटचा कधी बदलला? तेव्हा कोण रुसून बाहेर पडलं आणि त्याला जायला जागा होती का? दोन पानं लिहा. आराखड्याचं पहिलं प्रकरण तिथेच सापडेल.

जाता जाता एक. जानेवारी २०२४ पासून आमच्या इथून लोकल सुटते आणि थेट नेरूळला जाते. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेच्या साखळी सामन्यांची तिकिटं सुरुवातीला १०० रुपयांपासून होती. शंभर रुपयांचं तिकीट, त्यावर कोणाची ओळख नाही, कोणाचा कोटा नाही. मामाला मी ते दाखवलं. तो म्हणाला, "आता गर्दी वाढेल. मग बघ, कोटा येतो का नाही ते."

बघूया. ते माझ्या पुढच्या प्रकरणाचं काम आहे. तुमची दोन पानं तोवर लिहून ठेवा.